‘हॅव्ह’ कीं ‘हॅव्हिंग’?

ठाण्यास आगगाडी १८५३ सालीं आली आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. तिच्याबरोबर आलेले ‘स्टेशन’, ‘तिकीट’, ‘पास’ हे शब्द मराठीच होऊन गेले. नामें अशीं सहज रुळतात. क्रियापदें मात्र इंग्रजी बोलतांना अजून अडवितात. त्यांत ‘हॅव्ह’ हें दिसावयास साधें, पण मोठें फसवें.

मराठींत त्याला नेमका जोड नाहीं. डोंबिवलीच्या प्रवाशाजवळ पास असतो, त्याच्याकडे छत्री असते, त्याला दोन भाऊ असतात. हे बारीक भेद मराठी प्रत्ययांनीं व शब्दयोगी अव्ययांनीं दाखविते. इंग्रजी सारें काम एका ‘हॅव्ह’वर सोंपविते. ‘आय हॅव्ह अ पास’, ‘आय हॅव्ह टू ब्रदर्स’. परंतु ‘आहेत’मधला वर्तमानकाळ ठसविण्याच्या ओढीनें ‘आय ॲम हॅव्हिंग टू ब्रदर्स’ असें म्हटलें जातें. भाऊ असणें ही स्थिति. ती कांहीं चाललेली क्रिया नव्हे. चहा घेणें ही क्रिया, म्हणून ‘आय ॲम हॅव्हिंग टी’ निर्दोष.

एवढ्यानें काय बिघडतें? समजा, घरीं सहा महिन्यांचें मूल आहे हें सांगण्यासाठीं कल्याणच्या एखाद्या कारकुनानें रजेच्या अर्जांत ‘माय वाइफ इज हॅव्हिंग अ बेबी’ असें लिहिलें. वरिष्ठांची समजूत होईल कीं बाळंतपण घटकेवर आलें आहे. रजा मिळेल, पण भलत्याच कारणासाठीं! तेथें ‘हॅज अ बेबी’ हवें.

तापाचेंही तसेंच. ‘आय हॅव्ह अ फीव्हर’ म्हणावें. तो कितीही चढत असला तरी ‘हॅव्हिंग’ नको.