काचेचं घर आणि घरची बाई

घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे म्हणतात. म्हण अनुभवी माणसाची आहे यात शंका नाही. पण घर बांधून झालं, की ते खरं कोणाचं होतं? ज्यानं कागदावर रेघा ओढल्या त्याचं, की ज्यानं पैसे मोजले आणि रात्री तिथं पाठ टेकली त्याचं? अमेरिकेतल्या एका घरावरून हा प्रश्न थेट कचेरीपर्यंत गेला. त्याच घराची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

शिकागो शहरापासून पन्नास-साठ मैलांवर प्लेनो नावाचं गाव आहे. जवळून फॉक्स नदी वाहते. डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांनी या नदीकाठी थोडी जमीन घेतली. बाई शिकागोच्या, मूत्रपिंडाच्या विकारांच्या तज्ज्ञ. आठवडाभर रुग्णांची सेवा करावी आणि सुटीचे दोन दिवस झाडांच्या सावलीत काढावेत, एवढीच त्यांची इच्छा. १९४५ साली एका मेजवानीत त्यांची गाठ मीस व्हान डर रोह यांच्याशी पडली. मीस हे जगातल्या नामांकित वास्तुविशारदांपैकी एक. १९३८ साली जर्मनी सोडून शिकागोला आलेले. त्यांनी घराचं काम अंगावर घेतलं. पुढं दोघांची चांगली मैत्री जमली, आणि १९५१ साली घर पुरं झालं.

घर कसं? तर आठ पोलादी खांब, पांढरे रंगविलेले. त्यांनी तोलून धरलेली एक जमीन आणि एक छप्पर. मधे चहूबाजूंनी काच. विटेची भिंत औषधालासुद्धा नाही! आत सुमारे दीड हजार चौरस फुटांची एकच खोली. तिच्यात लाकडानं मढविलेला एक गाभा, आणि त्या गाभ्यातच स्वयंपाकाची जागा, दोन न्हाणीघरं आणि शेकोटी. माणूस आणि निसर्ग यांच्यामधे काहीही आड येऊ नये, हा मीस यांचा विचार. विचार उदात्त होता, आणि घर देखणं होतं हेही कबूल केलं पाहिजे. बांधकाम सुरू होण्याआधीच, १९४७ साली, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात त्याची प्रतिकृती मांडली गेली होती.

वर्गात मी या घराचं छायाचित्र दाखविलं, तेव्हा मुलं थक्क झाली. मागल्या बाकावरची एक मुलगी मात्र उभी राहिली आणि म्हणाली, “सर, यात कपडे कुठं वाळत घालायचे?” वर्ग हसला. मीही हसलो. घरी जाताना मात्र वाटलं, की अख्ख्या वर्गात खरा प्रश्न तिनंच विचारला!

कारण बाईंची अडचण नेमकी हीच होती. उन्हाळ्यात घर तापे. उघडता येतील अशा खिडक्या सगळ्या दोन. थंडीत काचांवर पाणी धरे. दार उघडं ठेवावं तर नदीकाठचे डास. कपडे ठेवायला कपाट हवं, तेही मागाहून करून घ्यावं लागलं. रात्री दिवा लावला, की बाहेरच्या अंधाराला सगळं घर दिसणार. त्यात प्रसिद्ध घर पाहायला येणाऱ्यांची ये-जा!

खर्चही अंदाजाबाहेर गेला, चौऱ्याहत्तर हजार डॉलरच्या आसपास. मैत्री तुटली. मीस यांनी राहिलेल्या पैशांसाठी दावा लावला, बाईंनी उलट दावा केला. १९५३ साली निष्कर्ष मीस यांच्या बाजूनं निघाला, आणि पुढं तडजोडीनं प्रकरण मिटलं. पुराचा विचार करून मीस यांनी घराची जमीन सव्वापाच फूट उंच ठेवली होती. पण १९५४ साली नदी चढली आणि घरात चार फूट पाणी उभं राहिलं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, बाईंनी घर टाकून दिलं असेल. तसं झालं नाही. त्यांनी ओसरीला डासांसाठी जाळी लावली, आपल्या आवडीचं सामान आणलं, आणि तिथं वीस वर्षं ये-जा केली. पुढं जवळून नवा रस्ता आणि पूल झाला, निवांतपणा गेला, तेव्हा १९७२ साली घर विकून त्या इटलीत गेल्या. तिथं त्यांनी मोंताले या इटालियन कवीच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद केले. १९७७ साली त्या वारल्या.

नवे मालक लंडनचे पीटर पालंबो. त्यांनी जाळी काढली, घर मीस यांच्या मनासारखं सजविलं. १९९६ च्या पुरानं काचा फोडल्या; त्यांनी पुन्हा दुरुस्ती केली. २००३ साली लिलाव झाला, आणि पाऊण कोटी डॉलर मोजून ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थांनी घर सोडवलं. आज ते लोकांना पाहायला खुलं आहे.

पण गोष्ट इथं संपत नाही. इतकी वर्षं ते ‘फार्न्सवर्थ हाउस’ होतं, म्हणजे नुसत्या आडनावाचं. २०२१ साली त्याला ‘एडिथ फार्न्सवर्थ हाउस’ असं पुरं नाव दिलं गेलं. एकच शब्द वाढला; पण जिनं ते घडवून आणलं, सोसलं आणि वापरलं, ती बाई त्या शब्दानं आपल्या घरी परत आली.

मीस चुकले असं मला म्हणायचं नाही. ते घर पाहून किती तरी वास्तुविशारदांना नवी दृष्टी मिळाली. पण सुंदर विचार एका माणसाला सुचतो आणि त्यात दिवस दुसऱ्याला काढावे लागतात, हे त्या दोघांनीही वेळेवर बोलून घेतलं नाही. तुम्ही घर बांधाल तेव्हा नकाशा जरूर कौतुकानं पाहा. आणि सही करण्यापूर्वी, कोणी हसलं तरी चालेल, पण कपडे कुठं वाळत घालायचे, तेवढं विचारून घ्या.