फुटका कान दुरुस्त होतो

नवरात्रात तुळजापूरला कल्लोळ तीर्थावर स्नानाची गर्दी होते, तेव्हा कानात कापूस घातलेली मुलं हमखास दिसतात. ‘ह्याचा कान फुटतोय लहानपणापासून,’ असं घरची माणसं सहज सांगतात. त्यांनी ते इतक्या सहज सांगू नये, म्हणून आज बोलतोय.

कान वाहतो तो बहुधा पडद्याला भोक असल्यामुळे. सर्दीचा संसर्ग नाकामागच्या नळीतून मधल्या कानात जातो, पू साठतो आणि पडदा फाटतो. कानशिलात बसलेल्या एका चपराकीनंही तो फाटतो. मुलांना कानाखाली मारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. माराचं भोक बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप भरतं. तोवर कान कोरडा हवा. लसणाचं कोमट तेल तर नकोच नको! तीर्थात डुबकीही नको. डोक्यावर पाणी घेणारच असाल, तर आधी व्हॅसलीन लावलेला कापूस कानात बसवा.

भोक भरलंच नाही, तर शस्त्रक्रिया. अगदी बारीक भोकाच्या कडा ताज्या करून त्यात कानाच्या पाळीतली थोडी चरबी बसवतात. मोठ्या भोकाला कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून पडद्याच्या आतून ठिगळ लावतात. 1950 च्या दशकात जर्मनीत वुलश्टाइन आणि त्सोल्नर यांनी ही शस्त्रक्रिया रुजवली, तेव्हा ते कातडी वापरत. स्नायूचं आवरण नंतर आलं आणि तेच टिकलं. एकदा लावलेलं ठिगळ सुटलं, तर कानाची कूर्चा वापरता येते. आता दुर्बिणीतून, कानामागे चीर न देताही हे काम होतं. दहांपैकी आठ-नऊ जणांचा पडदा जुळतो. ऐकू मात्र किती येईल, हे आतल्या हाडांच्या साखळीवर अवलंबून असतं.

थोडाच पण घाण वासाचा पू येत असेल, तर ते दुखणं वेगळं. ते हाड पोखरतं. तिथे आधी रोग साफ करावा लागतो, ऐकण्याचं नंतर. चक्कर आली किंवा तोंड वाकडं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सोलापूर आणि अंबाजोगाई इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पडद्याची शस्त्रक्रिया बसते का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या.