यंत्रास भावना उमगतील काय?

(जबलपूर येथे विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



अर्थशास्त्राचा अभ्यासक बुद्धिमान यंत्रप्रणाली आणि मानवी भावना यांविषयी बोलणार, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. तथापि या विषयांचे नाते जुने आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेले हर्बर्ट सायमन यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते अर्थशास्त्रासाठी. माणसाची तर्कशक्ती मर्यादित असते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. विचारप्रक्रियेच्या सिद्धान्तात भावनांना स्थान द्यावेच लागेल, असे त्यांनी १९६७ मधील एका निबंधात मांडले. हातातील काम थांबवून अधिक निकडीच्या गोष्टीकडे लक्ष वळविणे, हे भावनांचे कार्य आहे, असे ते मानत. पुढे १९९७ मध्ये रोझालिंड पिकार्ड यांच्या ग्रंथामुळे ‘अफेक्टिव्ह कॉम्प्युटिंग’ म्हणजेच भावसंगणन ही शाखा नावारूपास आली. आपल्याकडेही २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत वर्तनवादी अर्थशास्त्रावर स्वतंत्र प्रकरण होते.

लक्षण आणि कारण

अशी प्रणाली चेहऱ्यावरील हालचाली, आवाजातील चढउतार आणि शब्दांची निवड यांचे संख्यांत रूपांतर करते. माणसांनी आधी नावे दिलेल्या हजारो नमुन्यांशी त्यांची तुलना करून ती एक संभाव्यता सांगते. म्हणजेच यंत्रास भावना दिसत नाही, तिचे केवळ बाह्य लक्षण दिसते.

हा भेद आपल्या परंपरेस अपरिचित नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने भावनेचे कारण म्हणजे विभाव आणि तिचे दृश्य लक्षण म्हणजे अनुभाव, असे वेगळे केले. अश्रू शोकाने येतात, आनंदाने येतात आणि धुरानेही येतात, याची नोंद त्या ग्रंथात आहे. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. केवळ चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येत नाही, हाच त्याचाही निष्कर्ष होता. अनुभावावरून विभाव गृहीत धरणे, हा या प्रणालींचा मूळ दोष होय.

आपल्या जबलपूरचेच उदाहरण घ्या. येथील मराठी कुटुंबे घरी मराठी व बाजारात हिंदी बोलतात. आसपासच्या खेड्यांतून बुंदेली आणि गोंडी कानी पडते. कर्जबाजारी गृहस्थ ‘चालायचंच’ म्हणतो, तेव्हा तो समंजसपणा असतो की निराशा? त्याची परिस्थिती ठाऊक असल्याशिवाय शेजाऱ्यासही हे सांगता येणार नाही. मग अन्य प्रांतांतील आवाजांवर शिकविलेल्या यंत्राने ते कसे सांगावे?

चुकीची किंमत कोणी मोजावी?

एक काल्पनिक हिशेब मांडू. मदतवाहिनीवर १,००० जणांनी दूरध्वनी केला आणि त्यांपैकी २० जण खरोखर तीव्र मानसिक संकटात आहेत, असे समजा. प्रणाली दोन्ही गटांत ९० टक्के अचूक आहे. ती २० पैकी १८ जणांना ओळखेल, परंतु उरलेल्या ९८० पैकी ९८ जणांवरही चुकीची खूण करील. एकूण ११६ खुणांपैकी खऱ्या केवळ १८, म्हणजे सुमारे १६ टक्के. शिवाय दोन संकटग्रस्त तिच्या नजरेतून निसटतीलच.

आता विचार करा. खूण झालेल्या प्रत्येकाशी समुपदेशकाने अधिक वेळ बोलावे, एवढाच परिणाम असेल, तर ९८ चुकांची किंमत थोडा वेळ एवढीच आहे. हीच खूण कर्ज वा नोकरी नाकारण्यासाठी वापरली, तर ९८ निरपराधांवर अन्याय होईल. गणित तेच, अचूकता तीच. भेद आहे तो अभिकल्पाचा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. अशा ठिकाणी यंत्र साहाय्यक ठरू शकेल, परंतु माणसाची जागा त्याने घेऊ नये. निसटलेल्या दोघांचे बोलणे ऐकण्यासाठी तेथे कोणीतरी असावेच लागते.

कायद्याची चौकट

युरोपीय संघाने कामाची ठिकाणे व शिक्षणसंस्था येथे भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर बंदी घातली असून वैद्यकीय व सुरक्षेच्या कारणांचा अपवाद ठेवला आहे. ही तरतूद २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. मात्र भावनांविषयीच्या अनुमानांसाठी त्यात स्वतंत्र वर्ग नाही. ही उणीव धोरणकर्त्यांनी विचारात घ्यावयास हवी.

२००५ मध्ये याच शहरात स्थापन झालेल्या भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या नावात ‘अभिकल्प आणि निर्मिती’ हे शब्द आहेत. त्यांतील अभिकल्प आधी येतो, हे लक्षात ठेवावे. आपणांपैकी कोणी उद्या प्रशासनात जाईल, कोणी अशा प्रणाली घडवील. त्या वेळी तीन प्रश्न अवश्य विचारा: यंत्राने कारण विचारले की केवळ लक्षण पाहिले? चूक झाल्यास तिची झळ कोणास बसेल? आणि त्या माणसास दाद मागण्यासाठी दुसरा माणूस उपलब्ध आहे काय? यांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत यंत्राच्या अनुमानास निर्णयाचा दर्जा देऊ नये, एवढेच माझे सांगणे आहे.