थांबायचं तर सांगून थांबावं

(इचलकरंजी येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापला आहे, 'पायथॉनचा प्रोग्राम अडकतो तेव्हा'. मागच्या रांगांत अभियांत्रिकीची मुलं दिसताहेत आणि पुढे मागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेली मंडळी बसली आहेत. दोघांनाही एकच गोष्ट सांगायला मी टोकियोहून आलोय, आणि ती आधीच सांगून टाकतो. यंत्र थांबलं यात काही वावगं नाही. ते का थांबलं हे न सांगता थांबलं, तर तो बनवणाऱ्याचा दोष. आजचा तास मी एवढ्यासाठीच मागून घेतलाय.

पायथॉन म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. मुलांना ते येतं. ज्यांना येत नाही त्यांनी इतकंच धरून चालावं: एक प्रोग्राम दुसऱ्याला कामाला लावतो आणि तो काय म्हणतो ते ऐकत बसतो. लावणाऱ्याला आम्ही पॅरेंट म्हणतो, राबणाऱ्याला चाइल्ड. दोघांमधल्या वाटेचं नाव पाइप. ही युक्ती १९७३ साली युनिक्समध्ये आली. पायथॉनमध्ये हे काम करणारं सबप्रोसेस मॉड्यूल २००४ सालच्या २.४ या आवृत्तीपासून आहे. पार्श्वभूमी पुरे.

आता प्रत्यक्ष प्रसंग. टोकियोतल्या एका कंपनीत विंडोजच्या मशीनवर रोज रात्री एक काम चालायचं. एक जुनं जपानी साधन हजारो नव्या फाइली तपासायचं आणि प्रत्येक फाइलचा पत्ता एकेका ओळीत छापायचं. पायथॉनची स्क्रिप्ट त्याला सुरू करायची. स्क्रिप्टमधला एक थ्रेड, म्हणजे तिच्या आतच स्वतंत्रपणे चालणारं एक काम, त्या ओळी वाचायचा, आणि मुख्य थ्रेड साधन संपायची वाट बघत थांबायचा. काही रात्री सगळं सुरळीत व्हायचं. काही सकाळी मात्र टास्क शेड्युलरच्या यादीत 'चालू आहे' एवढंच दिसायचं. प्रोसेसरवर भार शून्य. चूक म्हणून एक अक्षर कुठे नाही. कुणी म्हणालं नेटवर्क, कुणी म्हणालं अँटिव्हायरस. बंद करून पुन्हा सुरू केलं की कधी चालायचं, कधी नाही.

उलगडा लॉगच्या शेवटच्या ओळीनं केला. अडकलेल्या प्रत्येक रात्री ती ओळ एकाच जागच्या अलीकडची होती. पुढचा फोल्डर 'मित्सुमोरी', म्हणजे दरपत्रकं, आणि नाव जपानी लिपीत. ज्या रात्री त्या फोल्डरात नवं काही नसे, त्या रात्री काम पार पडे. जुनं साधन छापायचं ते विंडोजच्या जपानी संकेतात, सीपी९३२ मध्ये. स्क्रिप्ट वाचायची यूटीएफ-८ समजून. नावातला पहिलाच बाइट यूटीएफ-८ च्या नियमात बसेना, आणि वाचणारा थ्रेड तिथेच अपवाद फेकून मेला. त्यानं मरताना निरोप छापला होता, पण टास्क शेड्युलरमधून चाललेल्या कामाला स्वतःचा पडदाच नसतो. निरोप हवेत गेला.

पुढचं नीट ऐका, सगळी मेख इथे आहे. वाचणारा गेला तरी साधन ओळी पाठवतच राहिलं. पाइपची क्षमता ठरलेली असते. लिनक्सवर ती साधारणपणे ६५,५३६ बाइट असते, विंडोजवर त्याहून बरीच कमी. पाइप भरला की लिहिणाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टीम थांबवून ठेवते. म्हणजे पाइप रिकामा व्हायची वाट चाइल्ड बघतोय, चाइल्ड संपायची वाट पॅरेंट बघतोय, आणि ज्यानं पाइप रिकामा करायचा तो हयात नाही. नियमाप्रमाणे कुणाचंच चुकलेलं नाही, आणि काम कायमचं अडलेलं आहे.

म्हणून मुलांनो, प्रोग्राम अडकला की 'काय बिघडलं' हा प्रश्न नंतर. पहिला प्रश्न, कोण कोणाची वाट बघतंय? कागद घ्या, दोघांची नावं लिहा, बाण काढा. बाणांचं वर्तुळ झालं की रोग सापडला.

याच रोगाचं दुसरं रूप जास्त भेटतं. एफएफएमपेग नावाचं व्हिडिओचं साधन आहे. ते आपली प्रगती स्टडआउटवर, म्हणजे नेहमीच्या छपाईच्या वाटेवर, न छापता स्टडएररवर, म्हणजे चुकांच्या निरोपांच्या वाटेवर, छापतं. स्क्रिप्टमध्ये दोन्हींना पाइप जोडलेत आणि वाचताय फक्त स्टडआउट, तर छोटा व्हिडिओ बिनबोभाट पार पडतो आणि लांब व्हिडिओ मध्येच गप्प होतो. लहान कामाला चालतं आणि मोठ्या कामाला अडकतं, ही खूण लक्षात ठेवा. पायथॉनच्या अधिकृत दस्तऐवजातही इशारा दिलेला आहे: पाइप जोडलेले असताना नुसतं वेट वापरलं तर अशी कोंडी होऊ शकते, कम्युनिकेट वापरा. कम्युनिकेट दोन्ही पाइप एकाच वेळी उपसत राहतं, म्हणून कोंडी होत नाही.

आता पुढच्या रांगांकडे येतो, कारण हे गाव यंत्रमागाचं आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण त्यानंतर २० वर्षांनी जपानमध्ये जे घडलं ते सांगतो. साकिची टोयोडा या माणसानं १९२४ साली जी-प्रकारचा स्वयंचलित माग पूर्ण केला. नागोयाला टोयोटाचं उद्योगसंग्रहालय आहे, तिथे तो माग बघायला मिळतो. माग न थांबवता धोटा बदलण्याची सोय त्यात होती, त्याचं कौतुक सगळे करतात. मला मात्र त्यातली एक बारीक पातळ पट्टी मोठी वाटते. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर अशी एक पट्टी लोंबते. धागा ताठ असेपर्यंत ती वर टांगलेली राहते. धागा तुटला की ती खाली पडते, आणि पडताक्षणी माग थांबतो. साध्या मागावर काय होतं? धागा तुटलेला असतो आणि माग चालूच असतो. कारागिराचं लक्ष जाईपर्यंत दोष विणला जातो.

(पुढच्या रांगेतून आवाज: "म्हणजे आमच्या जॉबरची नोकरी गेली की!" हशा.)

नाही गेली, उलट त्याच्या कामाला किंमत आली. पूर्वी तो मागापाशी पहारा देत उभा असे. आता माग हाक मारेल तेव्हाच त्यानं जायचं, म्हणून एक माणूस अनेक माग सांभाळू लागला. ऑल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनं, ज्यांची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांतही होती, १९२९ साली या मागाचे हक्क विकत घेतले. यंत्रं विकणाऱ्या इंग्रजांनी जपान्याकडून माग घ्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे टोयोटाच्या मोटारींच्या कारखान्यात ताइइची ओनोंनी हाच विचार माणसांपर्यंत नेला. दोष दिसला की कामगारानं दोरी ओढायची, दिवा लागतो, आणि अडचण तिथल्या तिथे सुटली नाही तर लाइन थांबते. दोरी ओढणाऱ्याला कुणी रागवत नाही.

आता मुलांनी विचार करावा. मागांच्या शेडमध्ये एक माग थांबला तर खडखडाटातला तेवढा ताल तुटतो आणि जाणत्या कानाला ते कळतं. प्रोग्राम थांबला तर काहीच ऐकू येत नाही. काम करणारा प्रोग्राम गप्प असतो, आणि अडकलेलाही गप्पच असतो. म्हणून ती पट्टी आपल्याला हातानं बसवावी लागते.

(मागून एक विद्यार्थी: "सर, पण टोयोटाही बंद पडली होती ना?")

पडली होती, आणि ते सांगायला मला अजिबात अडचण नाही. २९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटाचे जपानमधले १४ च्या १४ जुळणी कारखाने थांबले. सुट्या भागांच्या मागण्या हाताळणारे सर्व्हर बंद पडले होते. २७ तारखेला देखभालीचं काम झालं होतं. साठलेला डेटा काढून नीट लावताना डिस्कवरची जागा अपुरी पडली आणि यंत्रणा थांबली. पर्यायी सर्व्हर त्याच प्रणालीवर होते, म्हणून त्यांनाही तोच बिघाड झाला आणि काम तिकडे वळवता आलं नाही. ३० तारखेला कारखाने पुन्हा सुरू झाले, आणि पुढच्या आठवड्यात कंपनीनं कारण जाहीरपणे सांगितलं. ज्यांनी मागाला पट्टी बसवली त्यांच्याही सर्व्हरवर जागा भरते. भरणारी जागा, मग ती पाइपची असो की डिस्कची, भरण्याआधी बोलली पाहिजे. माझं म्हणणं या घटनेनं पक्कंच होतं.

एक चिठ्ठी आली आहे. 'टाइमआउट लावला की प्रश्न मिटला, एवढं व्याख्यान कशाला?' विचारणाऱ्याचा रोख कळला, आणि प्रश्न रास्त आहे. टाइमआउट लावाच. पण समजा शेलमार्फत काम सुरू केलंत. वेळ संपल्यावर तुम्ही शेलला मारलंत आणि उरलेलं वाचायला पुन्हा बसलात. शेलनं सुरू केलेलं नातवंड अजून जिवंत आहे आणि पाइपचं लिहिण्याचं टोक त्याच्या हातात आहे. ते टोक सोडणारा शेवटचा माणूस जाईपर्यंत वाचणाऱ्याला 'संपलं' असा निरोप मिळत नाही. तुम्ही पुन्हा अडकलात, तेही टाइमआउट लावून. लिनक्सवर यावर उपाय म्हणजे स्टार्ट-न्यू-सेशन देऊन सुरू करायचं आणि किलपीजीनं सगळा गट एकदम बंद करायचा. शिवाय नुसता मारून टाकणारा टाइमआउट मला अर्धवट वाटतो. मारण्याआधी कोण कुठे उभं होतं हे लॉगमध्ये लिहा, नाहीतर उद्या रात्री तेच होईल.

अध्यक्षांनी पाच मिनिटं खुणावलीत. तीन गोष्टी भराभर सांगतो.

एक. चाइल्ड स्वतःही छापलेलं साठवून ठेवतो. समोर टर्मिनल असेल तर ओळीगणिक सोडतो, पाइप असेल तर काही हजार बाइट साठल्यावर सोडतो. तुम्ही रीडलाइनवर बसला आहात आणि ओळ त्याच्याच खिशात आहे. चाइल्ड पायथॉनचा असेल तर उणे-यू द्या किंवा प्रिंटमध्ये फ्लश ट्रू लिहा. लिनक्सवर सी मधले बरेच प्रोग्राम स्टडबफनं बोलते होतात.

दोन. चाइल्ड तुम्हाला प्रश्न विचारून थांबलेला असू शकतो, 'ही फाइल आहे, तिच्यावर लिहू का?' उत्तर द्यायचं नसेल तर स्टडइनला डेव्हनल जोडा.

तीन. अंदाज करू नका, बघा. पाय-स्पाय डंप दिलंत की पॅरेंट कोणत्या ओळीवर उभा आहे ते दिसतं. लिनक्सवर एसट्रेस चाइल्डला लावलंत आणि 'राइट' वर अडकलेली ओळ दिसली, तर पाइप भरलाय असं समजा. 'रीड' दिसलं तर तो कुणाच्या तरी बोलण्याची वाट बघतोय. पायथॉनमध्येच फॉल्टहँडलर आहे, ठरावीक वेळ उलटली की तो सगळ्या थ्रेडची स्थिती छापतो. तीच तुमची पट्टी.

आणि एन्कोडिंग नेहमी स्पष्ट लिहा. पायथॉनच्या गाभ्यावर काम करणारे जपानी प्रोग्रामर इनादा नाओकी यांच्या प्रस्तावामुळे ३.१० या आवृत्तीपासून, एन्कोडिंग न लिहिल्यास इशारा मागवून घेता येतो. ३.१५ पासून यूटीएफ-८ च गृहीत धरायचं, हेही त्यांच्याच प्रस्तावातून ठरलं. पण जुनी साधनं आपल्या जुन्याच संकेतात बोलत राहणार. त्या रात्रीच्या स्क्रिप्टला शेवटी सीपी९३२ सांगितलं, न वाचता येणारं अक्षर बदलून पुढे जायला सांगितलं, आणि वाचणारा थ्रेड मेला तर मुख्य थ्रेडला कळवून काम मोडायचं असं बांधून दिलं. यातलं शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पहिल्या दोहोंनी तो एक बिघाड गेला, तिसऱ्यानं पुढचा बिघाड गप्प राहणार नाही याची सोय झाली.

मुलांनो, उद्या तुम्ही लिहिलेले प्रोग्राम दवाखान्यांत, बँकांत, वीज मंडळात चालतील, आणि रात्री तिथे तुम्ही नसाल. तेव्हा आज घरी गेल्यावर तुमच्या जुन्या स्क्रिप्ट उघडा. जिथे जिथे प्रोग्राम कुणाची वाट बघतो, तिथे तिथे दोन गोष्टी लिहा: किती वेळ वाट बघायची, आणि वेळ संपली तर कुणाला काय सांगायचं. एवढं झाल्याशिवाय प्रोग्राम पूर्ण झाला असं म्हणू नका.