टाचेचे दुखणे



आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय फारसा भारदस्त नाही. हृदयविकाराविषयी बोलणाऱ्या वक्त्याला श्रोत्यांची जी उत्सुकता लाभते, ती टाचेविषयी बोलणाऱ्याच्या वाट्याला सहसा येत नाही. तथापि या सभागृहात अनेक शिक्षक, परिचारिका, बसवाहक आणि गृहिणी उपस्थित आहेत. त्यांच्यापैकी काहीजणांना आज सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिले पाऊल भिंतीचा आधार घेऊनच टाकावे लागले असेल. टाचेत खिळा रुतावा तशी कळ, दहा-वीस पावलांनंतर तिला आलेला उतार, आणि दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा तेच दुखणे: हे वर्णन ज्यांना परिचित वाटते, त्यांच्यासाठी आजचे हे चार शब्द आहेत.

आरंभी माझ्याच एका चुकीची हकीकत सांगतो. अस्थिरोगाच्या व्यवसायात मी नवा असताना एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. मी त्यांच्या पायाचे क्ष-किरण चित्र काढले, टाचेच्या हाडाच्या तळाशी दिसणाऱ्या काट्यासारख्या टोकावर बोट ठेवले आणि ‘तुमचे हाड वाढले आहे’ असे सांगून वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. सहा महिन्यांनी त्या परत आल्या, तेव्हा त्यांनी फिरणे बंद केले होते, वजन वाढले होते आणि नोकरी सोडण्याचा विचार पक्का होत आला होता. प्रत्येक पावलागणिक तो काटा मांसात अधिक खोल शिरतो आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. ती समजूत माझ्या एका वाक्यातून निर्माण झाली होती आणि ते वाक्य बरोबर नव्हते. ते का बरोबर नव्हते, हे समजण्यासाठी तळपायाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

टाचेच्या हाडाच्या तळाशी, आतल्या बाजूस, एक उंचवटा असतो. तेथून पांढऱ्या, चिवट तंतूंचा एक पट्टा निघतो आणि पंख्यासारखा पसरत पाचही बोटांच्या मुळांपर्यंत जातो. त्यास प्लांटर फॅशिया म्हणतात. आपण त्याला तळपट्टा म्हणू. पायाची कमान धनुष्याप्रमाणे मानली, तर हा पट्टा म्हणजे त्या धनुष्याची दोरी होय. इंग्लंडमधील हिक्स यांनी १९५४ साली या पट्ट्याचे कार्य स्पष्ट केले. चालताना टाच उचलली जाते आणि बोटे वरच्या दिशेने वाकतात, तेव्हा विहिरीच्या राहाटाभोवती दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती ओढला जातो. कमान उंचावते आणि क्षणभर संपूर्ण पाऊल एखाद्या ताठ तरफेसारखे होते. त्या तरफेच्या बळावर आपण शरीर पुढे ढकलतो. असे हे कार्य दिवसातून हजारो वेळा घडते.

हा ताण पट्ट्याच्या सहनशक्तीपेक्षा अधिक होत गेला, म्हणजे हाडाजवळच्या मुळाशी तंतूंची सूक्ष्म झीज होऊ लागते. रात्री झोपेत पाऊल खालच्या बाजूस झुकलेले आणि पट्टा सैल असतो. सकाळच्या पहिल्या पावलाबरोबर त्या दुखऱ्या भागावर शरीराचा सगळा भार एकदम येतो, आणि म्हणून ती पहिली कळ इतकी तीव्र असते.

या विकाराच्या नावातील ‘आयटिस’ हा प्रत्यय दाह सुचवितो. परंतु २००३ साली अमेरिकेतील लेमाँट व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या ५० रुग्णांच्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांना दाहाची लक्षणे न आढळता तंतूंच्या ऱ्हासाची लक्षणे आढळली. हा भेद केवळ शब्दांचा नाही. दाह शमविणाऱ्या गोळ्यांनी तात्पुरते बरे वाटते, पण झिजलेली दोरी गोळ्यांनी सांधली जात नाही. तिला पुन्हा बळकट व्हावे लागते, आणि त्यास महिने लागतात.

आता त्या काट्याविषयी. ज्यांची टाच जन्मात कधी दुखली नाही अशा कित्येकांच्या क्ष-किरण चित्रात तो दिसतो, आणि टाचदुखीने बेजार झालेल्या कित्येकांच्या चित्रात तो दिसत नाही. दुखणे बरे झाल्यानंतरही तो जागच्या जागी असतो. तेव्हा त्याला आरोपी ठरविणे योग्य नव्हे.

हा विकार कोणाला होतो? बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यानच्या माणसांना. २००३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या रिडल यांच्या अभ्यासात तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: घोटा वरच्या बाजूस पुरेसा न वाकणे, म्हणजेच आखडलेली पोटरी, शरीराचे अतिरिक्त वजन, आणि कामाचा बहुतेक वेळ उभे राहण्यात जाणे. आपल्याकडे यात आणखी एका गोष्टीची भर पडते. शेणाने सारवलेल्या मऊ जमिनीची जागा आता फरशीने घेतली आहे, आणि त्या कठीण फरशीवर आपल्या स्त्रिया तासन्‌तास अनवाणी उभ्या राहतात. घरात पादत्राणे न वापरण्याच्या रीतीचा मी आदर करतो. पण केवळ घरात वापरण्यासाठी ठेवलेल्या स्वच्छ, मऊ चपलांनी त्या रीतीचा भंग होतो असे मला वाटत नाही. आपल्या बाजारात मिळणाऱ्या सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजे एम. सी. आर. चपला यासाठी चांगल्या. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलांच्या रक्षणासाठी आपल्या देशात वर्षानुवर्षे वापरलेले हे रबर दुखऱ्या टाचेलाही उसंत देते.

उपचारांत पहिले स्थान व्यायामाचे. सकाळी जमिनीवर पाय टेकण्यापूर्वी, अंथरुणावर बसूनच, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा. पायाची बोटे हाताने धरून नडगीच्या दिशेने ओढावीत. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळपाय चाचपल्यास पट्टा दोरीसारखा ताणलेला लागेल. दहा अंक मोजेपर्यंत हा ताण ठेवावा आणि असे दहा वेळा करावे. दिवसातून तीनदा, आणि बराच वेळ बसून उठण्यापूर्वी, हे करावे. जोडीला भिंतीला हात टेकून पोटरीचा ताणही द्यावा.

दुसरा व्यायाम बळ वाढविणारा आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पायरीच्या कडेवर उभे राहून बोटांखाली पंचाची गुंडाळी ठेवावी, कठड्याचा आधार घ्यावा, आणि टाचा सावकाश उचलून तितक्याच सावकाश खाली आणाव्यात. हा व्यायाम एक दिवसाआड करावयाचा असतो. केवळ ताण देणाऱ्यांपेक्षा हा व्यायाम करणाऱ्यांना तीन महिन्यांनंतर अधिक आराम वाटला. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट जवळजवळ सारखेच झाले. यावरून हेही दिसते की काळ आपल्या बाजूने असतो. योग्य काळजी घेतल्यास शंभरातील ऐंशी ते नव्वद रुग्ण वर्षभरात शस्त्रक्रियेवाचून बरे होतात.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो. परंतु ते वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेचा विचार अगदी शेवटी, आणि तोही क्वचितच, करावा.

घरगुती उपायांपैकी एकाविषयी मी सावध करू इच्छितो. तापलेल्या विटेवर रुईची पाने ठेवून टाच शेकण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. मधुमेह असलेल्या एका वृद्ध शिंप्याने असा शेक घेतला. त्याच्या पायांची संवेदना गेलेली असल्याने चटका त्याला कळलाच नाही. टाचेचे दुखणे राहिले बाजूला, आणि भाजल्याची जखम भरून येण्यास कित्येक महिने लागले. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पायाला असा शेक कदापि देऊ नये.

टाचेचे प्रत्येक दुखणे हे तळपट्ट्याचेच असते असेही नाही. टाच सुजली असेल, ताप असेल, विश्रांतीतही रात्रभर ठणका लागत असेल, मुंग्या येत असतील किंवा टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तीव्र दुखत असेल, तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. एखाद्या तरुणाच्या दोन्ही टाचा दुखत असून सकाळी त्याची कंबरही आखडत असेल, तर तो मणक्यांच्या संधिवाताचा आरंभ असू शकतो.

त्या शिक्षिकेविषयी सांगायचे राहिले. मी त्यांची क्षमा मागितली, काटा निरुपद्रवी असल्याचे समजावून सांगितले आणि व्यायाम शिकविला. मुख्याध्यापकांनी वर्गात खुर्चीवर बसून शिकविण्याची अनुमती दिली. आठ महिन्यांनी त्या चालत माझ्याकडे आल्या. तेव्हापासून ‘हाड वाढले आहे’ हे वाक्य मी कोणत्याही रुग्णापुढे उच्चारलेले नाही. आपणांपैकी कोणाला ते ऐकावे लागले असेल, तर त्याने भिऊन चालणे सोडू नये, इतकीच माझी विनंती आहे.