वारसास्थळे, यंत्रे आणि आपण



चालकांनी मला जो विषय दिला आहे तो थोडक्यात असा : जुनी लेणी, वास्तू, संग्रहालये पाहायला गेलेल्या माणसाला आजकाल यंत्रांच्या साह्याने पुष्कळ काही दाखविले जाते. रंगीत प्रकाशाचे झोत पडतात, भिंतीवर चित्रे हलू लागतात, कानाला यंत्र लावले की आवाज माहिती सांगतो, मोबाईल पुढे धरला की त्यावर जुना काळ उभा राहतो. या सगळ्यातून पाहणाऱ्याच्या पदरात काय पडते? आपण मंडळी बहुतेक लालबाग, परळ, दादर, गिरगाव या भागांतली. तेव्हा मी शक्य तो आपल्या पायाखालचीच उदाहरणे घेणार आहे.

विषय नवा वाटतो. पण यंत्राने दाखविण्याची आणि पाहण्याची हौस आपल्याकडे चांगली मुरलेली आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ सुरू केला. काचेवर रंगविलेली चित्रे दिव्यापुढे सरकवायची, पडद्यावर ती हलती भासवायची, आणि जोडीला तोंडाने निवेदन करायचे, असा तो प्रकार. पुढे ७ जुलै १८९६ रोजी फोर्टातल्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचे चलच्चित्र दाखविले गेले. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला तो दादरला, आणि ३ मे १९१३ रोजी तो लोकांपुढे आला तो गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात. त्यानंतरची परंपरा आपण स्वतःच चालविली आहे. गणेशोत्सवातले हलते देखावे पाहायला दोन दोन तास रांगेत उभे राहिलेले लोक या सभागृहातही असतील. लहानशी मोटर, एक फिरता दांडा, चार तारा आणि ध्वनिमुद्रित निवेदन एवढ्यावर राक्षसाची मान डोलते आणि देवीचा हात उचलला जातो. ज्या वस्तीचा दिवस गिरणीत यंत्रापुढे जात होता, तिने उत्सवात यंत्राला देवापुढे नाचविले यात नवल नाही.

आता या सर्व खेळांत एक गोष्ट समान आहे. यंत्र नवे होते, पण कथा जुनी होती. पटवर्धनांच्या पडद्यावर रामायण-महाभारतातले प्रसंग होते. हरिश्चंद्राची गोष्ट तर प्रेक्षकांनी आजीच्या मांडीवर ऐकलेली होती. त्यामुळे माणूस यंत्राने चकित झाला तरी भांबावला नाही. कथेचा धागा त्याच्या हातात आधीच होता.

वारसास्थळी याच्या नेमके उलट घडते. वस्तू समोर आहे, पण तिची कथा पाहणाऱ्याला ठाऊक नाही. दगड मुका आहे. कोरीव खांबापुढे उभा राहून माणूस ‘छान आहे’ म्हणतो, एक फोटो काढतो आणि भेळेची गाडी कुठे आहे ते पाहतो. यात त्याचा दोष नाही. त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते. तेव्हा मुक्या वस्तूला वाचा देण्याचे काम यंत्राने केले तर त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. जगात या प्रयोगांना आता सत्तर वर्षे होऊन गेली. फ्रान्समधील शांबोरच्या राजवाड्यावर १९५२ साली ध्वनी आणि प्रकाशाचा पहिला कार्यक्रम झाला. त्याच साली ॲमस्टरडॅमच्या एका संग्रहालयात प्रेक्षकांच्या कानाला यंत्र लावून माहिती ऐकविण्यात आली. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर असा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम १९६५ पासून सुरू झाला. आज मुंबईत फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही कानाला लावायचे वाटाडे यंत्र मिळते.

म्हणजे यंत्र हवे की नको, हा वादच आता शिळा झाला. खरा प्रश्न असा की, यंत्र चालू झाल्यावर आपली नजर कुठे जाते? वस्तूकडे, की यंत्राकडे?

हे समजण्यासाठी आपण घारापुरीला जाऊ. गेटवेपासून लाँचने तासाभराची वाट. या बेटावर समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकून कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये! तोवर गावकऱ्यांची भिस्त संध्याकाळी काही तास चालणाऱ्या डिझेलच्या जनित्रावर होती. मुंबईचा झगमगाट पाण्यापलीकडे रोज दिसत होता आणि बेटावर मात्र अंधार होता. गावाला वीज मिळाली ही मोठीच गोष्ट झाली. पण मला सांगायचे आहे ते तिथल्या दुसऱ्या उजेडाविषयी. मुख्य लेणे उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंनी उघडे आहे, आणि सदाशिवाची ती अठरा-वीस फुटांची त्रिमुखी मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत, अगदी आत आहे. उन्हातून आत शिरलेल्या माणसाला आधी काहीच दिसत नाही. डोळे निवतात, मग अंधारातून एकेक चेहरा वर येतो. दिवस चढतो तशा खांबांच्या सावल्या सरकतात. चौदा-पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी छिन्नी चालविताना उजेडाचाही हिशेब धरलाच असला पाहिजे. तिथे एखादा जाड्या प्रकाशाचा झोत टाकला तर मूर्ती जास्त दिसेल, पण तिचे हळूहळू प्रकट होणे नाहीसे होईल. तिथे खरी गरज आहे ती ‘पाच मिनिटे नुसते उभे राहा, डोळ्यांना सवय होऊ द्या’ असे सांगणाऱ्या एका आवाजाची. तो आवाज माणसाचा असो की यंत्राचा, त्याने काम एकच करावे : नजर मूर्तीकडे वळवावी आणि गप्प बसावे.

त्या बेटाला पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा म्हटले, तो हत्ती आज बेटावर नाही. तो आपल्या भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. त्याला विलायतेला नेण्याचा बेत होता. उचलताना तो मोडला. ते तुकडे पुढे मुंबईतच राहिले आणि १९१४ साली जोडून त्याला पुन्हा उभे केले. त्याच्याशेजारचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडले. त्या वेळी त्याचे नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियम होते. आजचे नाव त्याला १९७५ साली मिळाले. नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी ज्या संस्थेसाठी खटपट केली ती ही. पडझडीला आलेली ही वास्तू महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून दुरुस्त केली आणि २००८ मध्ये ती पुन्हा खुली झाली. आत जहाजांच्या प्रतिकृती आहेत, मुंबईचे जुने नकाशे आहेत, नाना जातिजमातींच्या मातीच्या मूर्ती आहेत, त्यांच्या पगड्या आहेत. त्या बाहुल्या आणि ते लहान लहान देखावे म्हणजे त्या काळचे दाखविण्याचे तंत्रच होय. काचेपलीकडच्या वीतभर माणसाकडे मूल आजही नाक टेकवून पाहते. कारण ती बाहुली मुलाला स्वतःपाशी थांबवते. २०१७ पासून शेजारच्या प्राणिसंग्रहालयात पेंग्विन पाहायला मिळू लागले आणि रविवारच्या रांगा तिकडे वळल्या. पेंग्विन जरूर पाहावेत. पण तेथून चार पावलांवर आपल्या शहराचा जन्म मांडून ठेवलेला आहे, हेही मुलांना सांगावे, एवढीच माझी विनंती.

यंत्राचा आणखी एक मोठा उपयोग आहे, आणि तो म्हणजे वस्तूला आपल्यापासून वाचविणे. फ्रान्समधल्या लास्को गुहेतली आदिमानवाची चित्रे प्रेक्षकांच्या श्वासानेच बिघडू लागली, म्हणून १९६३ साली गुहा बंद करावी लागली आणि १९८३ साली शेजारी तिची हुबेहूब प्रतिकृती उघडली. आपल्याकडे अजिंठ्याच्या पायथ्याशी हाच विचार झाला. १, २, १६ आणि १७ या चार लेण्यांच्या प्रतिकृती असलेले भव्य केंद्र २०१३ साली सुरू झाले. विचार उत्तम होता. पण पुढे पाणी आणि विजेची बिले थकली आणि केंद्र बंद ठेवावे लागले. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी उभी आहेत आणि ती समजावून सांगणारे केंद्र दहा वर्षेही धड चालले नाही! तात्पर्य, यंत्र बसविताना फीत कापणारे पुष्कळ भेटतात; त्याला रोज पुसणारा, तेल घालणारा, त्याचे बिल भरणारा कोण, हे आधी ठरले पाहिजे. गिरणीतल्या माणसाला हे सांगायला नको. ‘यंत्र मागते ते त्याला द्यावे लागते’ हे तो जाणतो.

गिरणीचे नाव निघाले आहे, तर आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. आजचे माझे सांगणे मुख्यतः याच गोष्टीसाठी आहे.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. तिथून पुढची सव्वाशे वर्षे या भागाचे घड्याळ भोंग्यावर चालले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना पुन्हा आत जाता आले नाही. गिरण्यांच्या जागी बाजार आणि मनोरे आले. साचे भंगारात गेले. एखादी चिमणी अजून उभी दिसते. पण तिच्याखाली काय चालत होते ते नातवाला कसे कळणार?

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. त्याच्या पहिल्या टप्प्याच्या आराखड्यात तळे, कारंजी आणि ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम यांना मोठे स्थान होते. मी कारंज्याच्या विरुद्ध नाही. संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन बसायला या भागात मोकळी जागा आहेच किती? पण कारंज्यापासून निघालेली वाट साच्यापाशी पोहोचली पाहिजे. अमेरिकेत लॉवेल नावाच्या गिरणगावात एका जुन्या गिरणीचेच संग्रहालय केले आहे. तिथे ऐंशीहून अधिक साचे जागच्या जागी आहेत, त्यांतले काही प्रत्यक्ष चालवितात, आणि आत शिरणाऱ्याच्या हातात कानात घालायला बोळे देतात. ते बोळेच अर्धे व्याख्यान देऊन जातात. ज्या आवाजात दहा मिनिटे उभे राहवत नाही, त्या आवाजात माणसांनी जन्म काढला, हे पाटी वाचून कळत नाही. ते कानाने कळते.

आणि इथे मला दुसरी कसोटी सांगायची आहे. पहिली आपण पाहिली : नजर वस्तूकडे जाते का? दुसरी अशी की, जे दाखविले जाते ते पाहून, ज्याने ते जगलेले आहे त्याची मान डोलते का? साचेखात्यात आवाजामुळे बोलणे ऐकू येत नसे, म्हणून माणसे ओठांवरून आणि हाताच्या खुणांवरून बोलत. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घेत. हवेत रुईचे तंतू तरंगत आणि ते छातीत बसत. वायंडिंग खात्यातल्या बाया घरचे करून पाळीवर येत आणि पाळी संपवून पुन्हा घरच्या कामाला लागत. पडद्यावर गिरणी रंगीत प्रकाशात न्हालेली दिसली आणि तो खोकला मात्र कुठेच ऐकू आला नाही, तर साचेवाला म्हणेल, ‘ही आमची गिरणी नाही.’ आणि त्याचे म्हणणे खरे असेल.

पण तसे म्हणायला तो असला तर पाहिजे! संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या आठवणी गोळा करून २००४ साली इंग्रजीत ग्रंथरूपाने छापल्या. तेव्हा जे बोलले त्यांतले किती आज बोलू शकतील? भंगारात गेलेला साचा पैसे टाकून दुसरीकडून आणता येईल. तो चालविणारा हात मात्र कोणत्याही बाजारात मिळणार नाही.

म्हणून सरकारने काय करावे हे सांगून मी थांबणार नाही. आपण काय करावे तेही सांगतो. ज्या यंत्राने आपण दिवसभर दुसऱ्यांची चित्रे पाहतो, ते खिशातले यंत्र एका रविवारी आपल्याच वडिलांपुढे, मावशीपुढे, चाळीतल्या शेजारच्या आजोबांपुढे धरावे. आधी त्यांची परवानगी विचारावी. नाव, गिरणी, खाते आणि साल एवढे प्रथम बोलून घ्यावे. मग मध्ये न बोलता ऐकावे. तुटलेला धागा कसा सांधत, ते हाताने करून दाखवायला सांगावे. काही गोष्टी तोंडाला आठवत नाहीत, त्या बोटांना आठवतात. घरातल्या जुन्या फोटोमागे कोण कुठे उभे आहे ते लिहून ठेवावे. आणि त्यांची इच्छा असेल तर एक प्रत जवळच्या वाचनालयात द्यावी. उद्या संग्रहालय पुरे झाले, तर त्याच्या दारात आपण रिकाम्या हातांनी जाता कामा नये. ‘आमचा आवाज आम्ही आणला आहे, आता तुमचे यंत्र लावा’ असे आपल्याला म्हणता आले पाहिजे.

अध्यक्ष महोदय, वेळ झाली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुष्कळ मंडळी गावाला जातील, कोणी लेणी-किल्ले पाहायला जातील. त्यांनी जरूर जावे आणि डोळे भरून पाहावे. पण निघण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ तासभर बसून जावे, एवढे सांगतो.