आधी जेव, मग फोटो काढ

(कर्जत-खालापूर भागातल्या तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता शेवटी वाचीन, वेळ उरला तर. आज फोटोबद्दल बोलतो.

मी फोटोग्राफर नाही. गोदीत आहे, कंत्राटदाराकडं. शिक्षण दहावी. आमचा म्हातारा त्याला अजून मॅट्रिक म्हणतो आणि छाती पुढं काढतो. तो डॉक लेबर बोर्डाचा कायम कामगार होता. १९९४ साली ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. म्हाताऱ्याला पेन्शन आहे. मला उद्या पाळी आहे की नाही, ते मुकादमाला ठाऊक. एका पिढीत एवढी प्रगती झाली.

पण बापाकडं नव्हती अशी एक वस्तू माझ्याकडं आहे. सेकंडहँड मोबाईल. काच तडकलेली, पण कॅमेरा चालतो. पहाटेची कर्जत लोकल, मस्जिदला उतरायचं, गोदीच्या गेटापर्यंत चालत. गेटाच्या आत फोटोला बंदी. म्हणजे जिथं माझा घाम पडतो तिथलाच फोटो मला काढता येत नाही. म्हणून बाहेरची मुंबई बघत सुटलो. पाळी संपली की चालायचं, भूक लागली की खायचं, दिसेल ते काढायचं.

पण आधी आपल्या गावचं बोलू.

शनिवार आला की मुंबई-पुण्याच्या गाड्या आपल्याकडं लोटतात. धबधबा, फार्महाऊस, भातलावणी. आपल्या आया-बहिणी गुडघाभर चिखलात वाकलेल्या असतात आणि बांधावरून कुणीतरी ओरडतं, "मावशी, जरा इकडं बघा ना!" मावशीला दिवसाची मजुरी किती मिळते, हे कुणी विचारत नाही. चिखलात फोटो चांगला येतो.

वर माथेरानला जा. आपल्याच तालुक्यात. मोटारीला बंदी, म्हणून माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढायचा. एक पुढं, बाकीचे मागून रेटणारे. वर्षानुवर्षं लोकांनी त्याचे फोटो काढले आणि घरी अल्बमात लावले. ६ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं, हे अमानुष आहे, सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, असा हुकूम दिला. घटना लागू होऊन पंचाहत्तर वर्षं झाल्यावर! ते जुने फोटो बघा कधी. बसलेल्या बाईचं तोंड स्पष्ट असतं, टोपीसकट. ओढणाऱ्याची मान खाली असते. तोंड दिसतच नाही.

आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ ची रात्र. डोंगर ठाकरांच्या वाडीवर आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मातीखालीच राहिली. दुसऱ्या दिवशी कॅमेरेच कॅमेरे. वाडीला गाडीरस्ता नव्हता, हे सगळ्या देशाला त्या दिवशी कळलं. याच खालापूर तालुक्यात खोपोलीला १९१५ साली टाटांचं वीजघर सुरू झालं. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. शंभर वर्षांपूर्वी इथून मुंबईला वीज गेली. मुंबईहून वाडीपर्यंत रस्ता आला नाही. कॅमेरा मात्र आला, माणसं मेल्यावर.

आपण बघितले जाणारे लोक आहोत. बघणारे दुसरेच. म्हणून मला वाटलं, आता उलटं करू. कर्जतचं पोरगं मुंबईला जाईल आणि मुंबईकडं बघेल. वाटायला सोपं. पण कसं फसलो ते सांगतो.

त्याआधी एका काळ्या माणसाची गोष्ट. गॉर्डन पार्क्स. गरिबाघरचा अमेरिकन पोरगा, गहाणवटीच्या दुकानातून जुना कॅमेरा घेतला आणि शिकला. १९४२ साली वॉशिंग्टनला सरकारी खात्यात फोटोग्राफर म्हणून आला. तिथला साहेब रॉय स्ट्रायकर गोरा, पण डोक्यानं चालणारा. त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं, कॅमेरा कपाटात ठेव. बाहेर जा, हॉटेलात जेव, एक कोट विकत घे, सिनेमा बघ. पार्क्स गेला. हॉटेलात जेवण दिलं नाही. दुकानात कोट दाखवला नाही. थेटरात आत सोडलं नाही. आपल्या देशाची राजधानी एका दिवसात कळली. परत आला तो पेटून, आता सगळ्यांना कॅमेऱ्यानं झोडतो म्हणून. साहेब म्हणाला, ज्यांनी हे जन्मभर सोसलंय त्यांच्याशी आधी बोल. त्याच इमारतीत एला वॉटसन नावाची काळी बाई झाडू मारायची. पार्क्स तिच्याशी बोलला. मग तिला अमेरिकेच्या झेंड्यापुढं उभी केली, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला लादी पुसायचा दांडा. तो फोटो जगभर गेला. पण पुढचं कुणी सांगत नाही. तो तिथं थांबला नाही. कितीतरी दिवस तिच्या घरी गेला, नातवंडांत बसला, तिच्या चर्चमध्ये गेला, आणि तेही फोटो काढले.

मी ठरवलं, आपणही असंच करू. मोबाईल खिशात ठेवून मुंबई खायची.

सुरुवात वड्यापासून. घाट चढायला गाडीला मागून इंजिन लागतं, म्हणून कर्जतला गाडी थांबते आणि वडा खपतो. आपण वड्यावरच वाढलो. पण पावाचा इतिहास बघा. पोर्तुगीजांनी आणला. वसईकडं जुने लोक मानायचे, विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलं की माणूस बाटला. पावानं विहीर बाटते! आणि आपल्याच जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं तर चवदार तळं बाटलं. मग शेण-गोमूत्रानं शुद्ध केलं. आज तोच पाव अख्खी मुंबई खाते. जानवंवाला खातो, टोपीवाला खातो, मी खातो. गाडीवाला जात विचारत नाही. मुंबईनं हे केलं, त्याबद्दल तिला सलाम.

पण वडापाव उभ्यानं खायचा असतो. बसून जेवायचं म्हटलं, राहायचं म्हटलं, की मुंबई बदलते.

मी खोली शोधत होतो. एजंट म्हणाला, "आडनाव?" सांगितलं. म्हणाला, "नॉनव्हेज खाता का?" म्हटलं, खातो. "मग सोसायटी देणार नाही." आता बघा कशी गंमत. "जात?" असं तो म्हणालाच नाही. सभ्य माणूस. जातीनं आता जेवणाचे कपडे घातलेत. २०२३ साली पवईच्या आयआयटीत एका मेसमधली काही टेबलं शाकाहाऱ्यांसाठी वेगळी काढली. त्याविरुद्ध तिथं बसून नॉनव्हेज खाल्लं म्हणून एका विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. दहा हजार! टेबल वेगळं, म्हणजे पंगत वेगळी. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात पंगत पोचली. आणि २०१५ साली महाराष्ट्रात बैल कापायला बंदी आली, तेव्हा कुणाच्या ताटातलं स्वस्त मटण गेलं? फाइव्ह स्टारवाल्याचं गेलं नाही. तुमचं-माझं गेलं.

शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' नावाचं पुस्तक लिहिलंय, २०१५ साली. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरात काय शिजायचं, ते कसं शिजायचं, हे त्यात लिहिलंय. रक्ती, वजडी, चान्या. टीव्हीवरच्या बाया ज्याला महाराष्ट्रीय जेवण म्हणतात त्यात यातलं काही नसतं. मिळवा आणि वाचा ते पुस्तक. मी वाचलं आणि आईला म्हणलं, आपण जे लपवून खाल्लं ते छापून आलंय. ती म्हणाली, "मग आता डबा उघडून खा." तेव्हापासून लोकलमध्ये सुकटीचा डबा उघडून खातो. शेजारचा नाक मुरडतो. मुरडू दे.

आता माझी फजिती. पावसाळ्याच्या तोंडावर मस्जिद बंदरच्या एका गल्लीत मॅनहोलचं झाकण उघडं दिसलं. एक माणूस कमरेला दोर बांधून छातीपर्यंत आत. वर दोर धरायला एकच पोरगं. मी मोबाईल काढला. उजेड चांगला होता. फटाफट चार-पाच काढले. मनात कवितेची ओळही जुळली, काय सांगू!

त्यानं वर बघितलं. म्हणाला, "पुसून टाक."

मी म्हणलं, "दादा, मी आपलाच आहे. जयभीमवाला."

तो म्हणाला, "आपला असशील तर दोर धर की. फोटो काय धरतोस?"

मित्रांनो, माथेरानच्या वाटेवर मान खाली घातलेल्या माणसाचा फोटो काढणारा आणि मी, यात काय फरक राहिला? जात एक होती, बस. जात एक असली म्हणून नजर एक होत नाही. मी फोटो पुसले. दोर धरला. तासाभरानं तो बाहेर आला, नळाखाली धुतला, आणि आम्ही फुटपाथवर बसलो. माझ्या डब्यात तांदळाची भाकरी आणि जवळा. त्याच्याकडं ज्वारीची भाकरी आणि ठेचा. बदलून खाल्लं. त्याचा आजा बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आला होता. "आजी चान्या वाळत घालायची, दोरीवर," तो म्हणाला, आणि बोलताना इकडंतिकडं बघितलं. घरातली दोरी आजीची. कमरेची दोरी कंत्राटदाराची. माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. २०२३ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गटारात माणूस मेला तर घरच्यांना तीस लाख द्या. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मेल्यावरचा भाव कळला. जित्याचा किती?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्याकडं असेल तर सांगा.

मग तोच म्हणाला, "फोटो काढायचाय ना? रविवारी खोलीवर ये. पोरीबरोबर काढ."

सुधारक ओलवे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काळेपांढरे फोटो त्यांनी काढले. २०१६ ला पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत घाण आहे, पण माणूस घाणीत हरवत नाही. तो आपल्याकडं बघतो. पार्क्सच्या एला वॉटसनसारखा. आता मला कळतं ते कशानं होतं. ते काम चालत्या पायांनी होत नाही. बसावं लागतं.

आपण पँथर हे नाव १९७२ ला अमेरिकेतल्या काळ्या पँथरकडून घेतलं. त्यांचे बंदूकवाले फोटो जगानं बघितले. पण १९६९ पासून ते ओकलंडच्या पोरांना शाळेआधी फुकट नाश्ता घालत होते. भुकेल्या पोराला गणित येत नाही, एवढं साधं राजकारण. बंदुकीचा फोटो काढायला आले तेवढे लोक नाश्त्याच्या रांगेचा काढायला आले नाहीत.

शेवटी गोदीचं. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकात फोर्ट स्टिकीन बोटीवर कापूस, दारूगोळा आणि सोनं एकत्र भरलेलं. स्फोट झाला. मेलेल्यांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगतात. आग विझवणारे ६६ जवान गेले, त्यांची मोजदाद आहे, आणि असायलाच पाहिजे. सोन्याच्या विटाही मोजून शोधल्या. हमालांचा आकडा मात्र अंदाजाचा. बाबासाहेबांचा वाढदिवस होता त्या दिवशी, आणि ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. आम्ही गोदीतली पोरं दर जयंतीला निळा झेंडा लावतो, तेव्हा माझ्या डोक्यात हे असतं. धुराचे फोटो आहेत. त्या हमालांचे, मेले त्याच्या आदल्या दिवशीचे, डबा खातानाचे फोटो कुठं आहेत?

म्हणून सांगतो. तुमच्या सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहे. आपल्या वस्तीचे फोटो काढा. गावची विहीर काढा, आपला पाणवठा काढा, स्मशानाची वाट काढा, वीटभट्टीवरच्या कातकऱ्याची उचल लिहिलेली वही काढा. पण आधी विचारा. आधी शेजारी बसा, जेवा. नाव विचारा, त्याला चालत असेल तर लिहा. आणि फोटो त्याला द्या. आपला बाप, आपली आई कामावर असताना काढा, आणि धुऊनपुसून बसल्यावरही काढा. उद्या कुणी म्हणेल असं काही नव्हतंच, तेव्हा दाखवायला आपल्याकडं पाहिजे.

त्या रविवारी मी गेलो. त्यानं पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. पोरीच्या हातात शाळेचं दप्तर. मागं भिंतीवर बाबासाहेब. एकच फोटो काढला. स्टुडिओतून प्रिंट करून नेऊन दिली. त्यानं उलटी करून बघितली आणि म्हणाला, "मागं नाव लिही. माझं, पोरीचं, तारीख. आणि खाली लिही, काढणारा गोदीत कामाला आहे."

लिहिलं.

कवितेला वेळ उरला नाही. जयभीम.